काळा, राखाडी आणि दिव्यांचा

हॅलो? … हां, बोल गं. … हो, लॅपटॉपच्या दुकानातच आहोत. … बाबा पण आहेत. … अगं, येतंय ऐकू, एवढं मोठ्याने नको. तुमच्या चष्म्याच्या दुकानात कुणी असं ओरडतं का? तुझे मालक काय म्हणतील? … मागच्या खोलीत आहेस होय. मग ठीक.

हो, हो… सगळं लक्षात आहे. तुझा लॅपटॉप मेला, रविवारी तुमच्या खेळाची ती स्पर्धा, त्याआधी नवा हातात पाहिजे. … आणि बजेटच्या वर जायचं नाही. … अगं, बजेट मीच ठरवलंय, मला काय सांगतेस.

तर ऐक. तीन आहेत. एक काळा, एक राखाडी आणि एक दिव्यांचा. … दिव्यांचा म्हणजे बटणांच्या खालून दिवे लागतात. लाल, मग हिरवा, मग जांभळा. … तोच तुझ्या मनातला, माहीत आहे मला. पण त्याची किंमत ऐकली आणि बाबा स्टुलावर बसले, ते आत्ता कुठे उठले.

राखाडी दिसायला छान आहे. पातळ. पण ते ग्राफिक कार्ड त्यात वेगळं नाही. तू म्हणाली होतीस ना, वेगळं पाहिजे, आतल्या आत भागवलेलं नको. … बघ, पाठ आहे मला. म्हणून राखाडी बाद.

राहिला काळा. जाड आहे जरा, पण बजेटात बसतो. कार्ड वेगळं आहे, रॅम ठीक आहे, दुकानदारभाऊ म्हणतात नंतर वाढवता येते. … कळते गं मला रॅम. कापड पसरायचं टेबल. टेबल लहान असलं की घेराचा फ्रॉक बेतताना अर्धा खाली लोंबतो. तूच समजावलंस की नाही?

पण बाबांना काळा पसंत नाही. … त्याच्या कडेला हात धरून उभे आहेत. म्हणतात, गरम हवा बाहेर पडायला वाटच ठेवलेली नाही, जरा खेळलं की तापणार आणि तापलं की अडखळणार. … अगं, जन्मभर फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. लॅपटॉप दाखव नाहीतर कपाट दाखव, आधी विचारणार हवा कुठून जाते. आमच्या लग्नाच्या फोटोत बघ, माझ्याकडे बघत नाहीत, हॉलच्या एसीकडे बघतायत.

म्हणून म्हटलं, वाद नको, तू सांगितलंस तसं खेळ चालवूनच बघू. … हो, आत्ताच लावला. काळ्यावर. दुकानात खेळ घातलेलाच होता. तुझं नाव टाकलं, तू पाठवलेला पासवर्ड टाकला… ‘आईचीशिलाई’ असा पासवर्ड ठेवलायस होय? … नाही, काही नाही. बरं वाटलं.

सरावाचं काही दिसेना गं. इकडे बघते, तिकडे बघते, तेवढ्यात मधोमध एक पिवळी पाटी आली. ‘खारूताई तुम्हाला बोलावते आहे. येणार?’ … हो म्हटलं. … अगं, कुणी इतक्या अगत्याने बोलावतं, त्याला नाही कसं म्हणायचं?

काय झालं? … आधी श्वास घे. … खरी मॅच? … खरी म्हणजे कशी खरी?

थांब, थांब, हळू सांग. खारूताई म्हणजे तुमची कॅप्टन. … बरं. तिने तुला निवडीच्या मॅचला बोलावलं. … आणि याआधी दरवेळी तुझा लॅपटॉप मध्येच बंद पडला, आणि तू सगळ्यांना सोडून गायब. … हां. आणि आता पुन्हा मध्येच गेलीस तर रविवारी तुझ्या जागी दुसरी मुलगी. … अरे देवा. मग मी बंद करते ना लगेच. … बंद नाही करायचं? बंद केलं तरी मध्येच जाणं झालं? … बरं, बरं. काढला हात. दोन्ही हात वर आहेत माझे. फोन खांद्यात धरलाय.

अहो… अहो, ऐका. आपण चुकून लेकीच्या मॅचमध्ये शिरलो आहोत. … नाही, बाहेर नाही पडायचं, बाहेर पडलो तर तिची जागा जाते. … मला काय विचारता, तिला विचारा.

बाबा विचारतात, जिंकायचं आहे का? … नाही? मध्येच जायचं नाही एवढंच? शेवटपर्यंत टिकायचं? … मग होईल. टिकायला काय लागतं? पंचवीस वर्षं मी शाळेचे गणवेश शिवते आहे. सांग, काय करू.

डब्ल्यू… डब्ल्यू कुठे आहे… सापडला. … दाबून धरला. … पुढे चालले आहे. … भिंत आली. … मान वळवायला माऊस? … आकाश आलं. नुसतं आकाश. … आता पाय दिसतायत. माझेच का गं हे? बूट चांगले आहेत.

चालतेय, चालतेय. … अगं, टेबलाखाली माझा पाय हलतोय. मशीनची सवय, पाय दाबला की पुढे सरकेल असं वाटतं. … माहीत आहे मला, खाली काही नाही. पण पाय ऐकत नाही, त्याला काय करू?

तिघं पुढे पळतायत. खारूताई, काळाबोका आणि… ‘उधारबंद’? … बरं. आणि माझ्या डोक्यावर ‘झोपमोड’ लिहिलंय. हे नाव तू स्वतःहून घेतलंस? … ठीक आहे, ठीक आहे, मी काही बोलले का?

हे कोण बोललं? … अहो, तुम्ही बोललात? … लॅपटॉपमधून आवाज आला गं. मुलगी आहे. म्हणते, ‘झोपमोड, डावीकडच्या घरात जा.’ … तीच का खारूताई? छान आवाज आहे. … उत्तर नाही द्यायचं? माझा आवाज ओळखतील? … बरं. गप्प बसते. घरात जाते.

आले घरात. … कुणाचं गं घर हे? … कुणाचंच नाही? एवढं मोठं घर आणि कुणी राहत नाही? … हो, बंदूक शोधते. … पडदे भारीतले आहेत. खालची दुमड मात्र उसवली आहे. … बरं बाई, नाही बघत पडदे. … फावडं मिळालं. … असू दे, फावडं कामाचं असतं.

दार लावून घेते. … उगाच कशाला उघडं टाकायचं?

अगं, एक मिनिट. अडखळतंय. … मी एक पाऊल टाकते, ते थांबतं, मग एकदम तीन पावलं पुढे. … हो, तापलाय. बाबांनी हात लावला आणि मान हलवली. … माहीत आहे हो तुम्ही म्हणाला होतात, आता म्हटलेलं राहू द्या, काहीतरी करा. … बंद पडला तर संपलंच ना गं? … तेच सांगते आहे त्यांना.

बाबांनी उचलला. … लॅपटॉप. दोन्ही हातांवर धरलाय, खालून हवा लागावी म्हणून. … मी तशीच खेळते आहे, ते धरून उभे आहेत. भाऊ, तुम्ही जरा ते खोक्याचं झाकण घेऊन वारा घाला ना. … दुकानदाराला सांगितलं गं. … नाही, त्यांना आवडलेलं नाही. … भाऊ, घेणार आहोत हो आम्ही, घ्यायचा आहे म्हणूनच बघतोय. … नाही, नाही, आता बाबांनी झाकण स्वतःकडे घेतलं आणि लॅपटॉप भाऊंच्या हातात दिला. म्हणाले, वारा घालायची पण एक पद्धत असते.

बरं झालं जरा. चालतोय. … हो, ऐकते आहे. बाहेरून धूर येणार. … धुरात सापडलं की मेलं. … म्हणून आत-आत सरकायचं. … बाळा, धूर कळतो मला. तू पुढचं सांग.

धाड धाड आवाज येतायत. … उधारबंद गेला. अरेरे. … काळाबोका पण गेला? … मग आता? … लपू? कुठे लपू? … वरच्या मजल्यावर न्हाणीघर आहे, टब आहे. … सी दाबला. … बसले. टबात बसले. फावडं घेऊन.

अहो, अहो… कुठे निघालात? … अगं, बाबा त्या भाऊंना लॅपटॉपसकट घेऊन निघालेत. … दुकानाच्या कोपऱ्यात सरबताच्या बाटल्यांचा फ्रिज आहे, तिकडे. … म्हणतात, वाऱ्याने भागणार नाही. … मी काय करू, माऊस माझ्या हातात आहे, मी पण चालले मागोमाग. स्टूल घेऊन.

फ्रिजचं दार उघडलं. … वायर पुरत नाही. … आता फ्रिज ओढतायत. … हो, फ्रिज. … भाऊ, बाटल्या गरम नाही होणार, दोन मिनिटांचं काम आहे. … अगं, मधल्या फळीवरच्या बाटल्या काढल्या आणि लॅपटॉप अर्धा आत, अर्धा बाहेर ठेवला. आत नको गं पूर्ण, पाणी सुटतं म्हणे. बाबा दार धरून उभे आहेत आणि झाकणाने गार हवा त्याच्या पोटाखाली लोटतायत. मी समोर स्टुलावर. गुडघे गारठलेत माझे.

पण चालतोय बघ कसा. एकदम गुळगुळीत. … हो, टबातच आहे. … आता काय करायचं? … काहीच नाही? नुसतं बसायचं? … किती वेळ? … बरं. बसते. … मग बोल काहीतरी, नुसती काय बसू.

जेवलीस का? … काय खाल्लंस? … बिस्किटं म्हणजे जेवण नाही. … डबा कुणाबरोबर खातेस दुकानात? … म्हणजे? तू तर म्हणाली होतीस, दोघी-तिघी आहेत, मजा येते. … कधी गेल्या त्या? … मग तू एकटीच खातेस? … सहा महिने? … नाही, नाही रागावत मी. रागावले का? विचारलं फक्त.

आणि संध्याकाळी? … खोलीवर येऊन यांच्याशी खेळतेस. … रोज? … आणि बोलता पण? … खारूताई तुला उठवायला फोन करते? सकाळी? … आजारी पडलीस तेव्हा काळाबोक्याने औषध पाठवलं? … आजारी कधी पडलीस गं तू? … मला का नाही सांगितलंस?

हो, कळलं. आम्ही काळजी करू म्हणून. … काळजी तर आम्ही अशीही करतोच, निदान खऱ्या गोष्टीची तरी केली असती. … मी म्हणत होते तुला, खरी माणसं बघ, खेळातली काय कामाची. … आहेत गं कामाची. चुकलं माझं.

म्हणजे रविवारची जागा गेली तर स्पर्धा जाणार नाही, ही माणसं जातील. असंच ना? … सांग ना, असंच ना? … हं. आधी सांगायचंस. मी फावडं आणखी घट्ट धरलं असतं.

थांब. पावलं वाजतायत. … कुणीतरी आलंय घरात. … खालच्या मजल्यावर. … श्शू, तू पण बोलू नकोस. … तू तिकडे आहेस ते माहीत आहे मला, तरी बोलू नकोस.

भाऊ, गिऱ्हाइकाला सांगा जरा थांबायला. … चार्जर हवाय त्यांना, फ्रिजमागच्या कपाटात आहे म्हणे. … काका, दोन मिनिटं. माझ्या लेकीचं काम चाललंय. … हो, फ्रिजमध्येच. … आता ते पण बघत उभे राहिले.

खारूताई पण गेली. … म्हणजे आता मीच? आपल्याकडून मी एकटी? … आणि समोर किती? … एक. … एवढे सगळे मेले आणि आम्ही दोघंच उरलो? मी तर टबातून उठले पण नाही. … अहो, वारा थांबवू नका तुम्ही.

वर आला तो. … न्हाणीघराच्या दाराशी आहे. … दार वाजवतोय. टकटक. … फावड्याने वाजवत असेल किंवा… हो, आलेच…

… उघडलं मी. … अगं, दार वाजवलं त्याने. … दार वाजल्यावर उघडत नाहीत का? … हो. मारलं त्याने. लगेच. एक शब्द नाही बोलला.

संपलं. ‘दुसरा क्रमांक’ असं आलंय. … हॅलो? … दुसरी आले गं मी. दुसरी चांगली की वाईट? … याआधी कधीच आला नव्हता तुमचा दुसरा? … मग रडतेस कशाला?

आणि मध्येच नाही गेले. शेवटपर्यंत होते. म्हणजे जागा राहिली ना? … खारूताईच ठरवणार? … थांब, बोलते आहे ती. … ती म्हणते… ‘काकू, नमस्कार.’

अगं, तिला कसं कळलं? … माइक? … सुरूच होता? पहिल्यापासून? … अरे देवा. म्हणजे पडदे पण ऐकले त्यांनी. … आणि बिस्किटांचं. … आणि ते, औषधाचं, सगळं. … तू फोनवर होतीस, तुझं नाही ऐकलं, पण माझं म्हणजे सगळंच ऐकलं की.

नमस्कार, नमस्कार. मी झोपमोडची आई. … हो, फ्रिजमध्ये लॅपटॉप आहे आमचा. … बाबा वारा घालतायत. … बरं. … बरं, सांगते. … अगं, ती म्हणते, जागा तुझीच आहे. ती म्हणते, तुला बदलायचं नव्हतंच कुणाला, तू सांगायचं होतंस की लॅपटॉप जुना आहे, आम्हाला वाटलं तू कंटाळलीस आम्हाला. … हो, असंच म्हणाली. … आणि काळाबोका विचारतोय, काकू रविवारी खेळणार का. … नाही म्हटलं. मला दार उघडायची सवय आहे, ती आता सुटणार नाही.

बरं, आता ऐक. मुद्द्याचं. कुठला घ्यायचा? … दिव्यांचा परवडत नाही, तुलाही माहीत आहे. … काळा चालतो. तूच ऐकलंस, शेवटपर्यंत चालला. फक्त त्याला बाबा लागतात.

हसू नकोस, ते विचारात पडलेत खरंच. … अगं, मिळतो, खाली पंखे लावलेला स्टँड मिळतो, भाऊंनी दाखवला. महागही नाही. पण बाबांनी त्याच्यावर हात धरला आणि परत ठेवला. म्हणाले, याच्यात जोर नाही.

… जोर असेल गं त्याच्यात. मलाही दिसत होता. माझा पदर उडत होता. … तू विचारू नकोस त्यांना काही.

काय म्हणताय? … थांब, बाबा काहीतरी सांगतायत. … बाबा म्हणतात, काळा घेतला तर बजेटात थोडे उरतात. स्टँडमध्ये घालण्यापेक्षा गाडीची दोन तिकिटं येतात त्यात. शनिवारी निघू. लॅपटॉप आम्हीच घेऊन येतो आणि मॅच संपेपर्यंत ते शेजारी बसून वारा घालतील. … बोलणार नाहीत, म्हणतात. एक शब्द नाही. … मी मागे पलंगावर बसेन. जेवण घेऊन येईन, आधी जेवायचं आणि मग खेळायचं.

… हो, एवढ्या लांब. … हो, लॅपटॉपसाठीच. … दुसरं कशासाठी येणार आम्ही?

घरमालकीणबाईंना पाहुणे चालत नाहीत? … मग सांग त्यांना, पाहुणे नाहीत. लॅपटॉपचा पंखा आहे. … आणि मी? मी वॉरंटी.

हॅलो? … हॅलो? … अहो, ठेवला वाटतं तिने. … नाही, आहे. आहे अजून. … बोल, बाळा, ऐकते आहे. … काय? … नीट बोल, नाक पूस आधी. … हां.

अहो, ती विचारते आहे, शनिवारी किती वाजता पोचाल? … विचारून सांगते गं. … हो. … ठेव आता.